पदराच्या गाठीतला स्क्रू

मेहरुनचाचीच्या चष्म्याचा स्क्रू पुन्हा पडला, याचं आता गल्लीत कुणाला नवल वाटत नव्हतं. शिरूरच्या बाजारपेठेमागच्या त्या बोळात नळाला पाणी यायची वेळ चुकायची, पण चाचीच्या चष्म्याची काडी निखळायची ती मात्र नेमाने. बांगड्यांचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीला दांड्यांवर ओवलेल्या बांगड्या, खाली सतरंजी, सतरंजीवर चाची, आणि चाचीच्या मांडीवर दोन तुकड्यांत पडलेला चष्मा. आलेल्या बाईला ती आधी तो दाखवायची आणि मग बांगड्या.

संध्याकाळी कंपनीची बस सुनेला नाक्यावर सोडायची. सबीनाने उंबऱ्यात चपला काढल्या न काढल्या तोच आतून हाक यायची, "सबीना, ह्ये बघ गं, परत पडला तुझा इस्क्रू."

तुझा इस्क्रू! स्वतःच्या नाकावरच्या चष्म्याचा स्क्रू सुनेचा कसा झाला, हे चाचीलाच ठाऊक. पण सबीनाला तो शब्द बरोबर जिथे झोंबायचा तिथे झोंबायचा.

कारण स्क्रू हेच तिचं काम होतं. रांजणगावच्या एका कारखान्यात मीटरची झाकणं बसवायच्या लाईनवर ती उभी राहायची. वरून लोंबणारा विजेवरचा ड्रायव्हर खाली ओढायचा, टोकाला स्क्रू चिकटवायचा, भोकावर सरळ धरायचा आणि टक् आवाज आला की सोडून द्यायचा. टक् म्हणजे बरोबर घट्ट. त्याच्या अलीकडे राहिला तर सैल, पलीकडे गेला तर आटे गेले. सैल राहिलेला परत आवळता येतो, त्याला कुणी फारसं बोलत नाही. पण आटे घालवले की अख्खं झाकण भंगारात आणि घालवणारीचं नाव लाईनच्या डोक्यावरच्या फळ्यावर. सबीनाचं नाव त्या फळ्यावर आजवर लागलं नव्हतं. लाईन लीडर सुदर्शन नव्या पोरींना तिच्या शेजारी उभं करायचा आणि सांगायचा, "मॅडमचा हात बघा फक्त." माणसाला गर्व कशाचाही होतो. कुणाला शेताचा, कुणाला पोराच्या मार्कांचा, सबीनाला होता तो तांदळाच्या दाण्याहून बारीक स्क्रूचा.

चष्म्यावर पहिले उपचार चाचीने स्वतःच केले होते, जे आपल्याकडे घरोघर होतात. आधी भोकात सेफ्टी पिन घातली, ती कानशिलाला टोचली. मग गोधडीचा दोरा बांधला, तो घामाने सैल झाला. मग जुन्या वायरमधली तांब्याची तार पिळून घातली, आणि त्या तारेत केस अडकून चाची दुकानात ओरडली तेव्हा दोन गिऱ्हाइकं दचकून उठली होती.

ते ऐकून सबीनाने काम हातात घेतलं. बाजारातून बारकासा ड्रायव्हर आणि चष्म्याच्या स्क्रूंची पुडी आणली. स्टीलचं ताट घेतलं, त्यात ओला रुमाल पसरला, म्हणजे स्क्रू निसटला तरी उडी मारून कपाटाखाली जात नाही. काडी आणि फ्रेम यांची भोकं आधी सुईने एका ओळीत आणली, मग स्क्रू वरून सोडला, दोन वेढे बोटाने, बाकीचे ड्रायव्हरने. इथे टक् आवाज नव्हता, पण तिच्या मनगटात तो होता. काडी उघडली, मिटली, उघडली. "घ्या अम्मी, आता पाच वर्षं बघायला नको."

आठवडाही गेला नाही.

सबीनाला वाटलं, आपलंच काही चुकलं असेल. तिने पुन्हा बसवला आणि डोक्यावर बिनरंगी नेलपॉलिशचा थेंब सोडला. तो सुकला की स्क्रू आपोआप फिरत नाही, हे कंपनीत न गेलेल्यालाही कळेल. तरी काडी पडली. सोहेब, सबीनाचा नवरा, भाजीचा टेम्पो चालवायचा. तो जेवता जेवता म्हणाला, "कंपनीत बसवतीस तेबी असंच पडत्यात का गं? लोकांच्या मीटरचं काय होत आसंल?" आणि स्वतःच्याच विनोदावर ठसका लागेपर्यंत हसला. मग आईकडे वळून म्हणाला, "अम्मी, चल उद्या चष्म्याच्या दुकानात. डोळंबी तपासून हुत्याल, फ्रेमबी नवी घिऊ."

"काय गरज न्हाई," चाची म्हणाली. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? घरात एवढी इस्क्रूवाली सून आसताना दुकानदाराची पायरी कोन चढंल?"

वरवर ही सुनेची स्तुती होती. पण बोलण्याला जी किंचित घाई होती ती सबीनाच्या कानातून सुटली नाही. आणि तिच्या मनात संशयाने घर केलं.

त्या संशयाला जुनं कारण होतं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा मेहरुनने बांगड्यांची पेटी तिच्यापुढे सरकवली होती. ही पेटी मेहरुनकडे तिच्या आईकडून आलेली, केडगावच्या माहेरातून. लेक नव्हती, म्हणून सुनेला. सबीनाने तेव्हा सरळ सांगितलं होतं, "अम्मी, मला ह्ये जमणार न्हाई. मी कंपनीत जानार." मेहरुनने पेटी तेवढी मागे ओढून घेतली होती. ते मागे ओढणं सबीना विसरली नव्हती, आणि तिला वाटायचं की मेहरुनही विसरलेली नाही.

म्हणून तिने कंपनीतली युक्ती केली. लाईनवर स्क्रू आवळून झाला की त्याच्या डोक्यावरून शेजारच्या पत्र्यावर एक रंगाची रेघ ओढतात. स्क्रू नंतर कुणी फिरवला तर रेघ मोडते, आणि चोरी पकडली जाते. सबीनाने लाल नेलपॉलिशमध्ये सुई बुडवली आणि चष्म्याच्या स्क्रूवरून फ्रेमवर केसाएवढी रेघ ओढली. सासूला सांगितलं नाही.

दोन दिवसांनी काडी पुन्हा मांडीवर होती. सबीनाने फ्रेम दिव्याखाली धरली. भोकाच्या कडेला नेलपॉलिश खरवडलेलं होतं, टोकदार काहीतरी घालून, निगुतीने. स्क्रू पडला नव्हता. काढला होता.

सबीनाचा राग आवाज करणारा नव्हता. तिने त्या रात्री वरणात मीठ बेताचंच घातलं आणि सासूच्या ताटात लोणचं वाढलं नाही, एवढंच. पण आत तिचं रक्त उकळत होतं. आपण दिवसभर उभं राहून पाय सुजवून येतो, आणि ही बाई दिवसभर बसून आपली फजिती करायची सोय करते. गल्लीतल्या प्रत्येक बाईला दाखवते की बघा, कंपनीवाल्या सुनेचं काम. तिने ठरवलं, सुट्टीच्या दिवशी हात धरूनच पकडायचं.

सुट्टीच्या दिवशी तिने सकाळी चष्मा पुन्हा नीट करून सासूच्या हातात दिला आणि "बाजारात जाऊन येते" म्हणून मागच्या दाराने बाहेर पडली. थोड्या वेळाने तशीच मागच्या दाराने आत आली आणि मधल्या पडद्याआड उभी राहिली. हेरगिरीची तिला थोडी लाज वाटली, पण लाजेपेक्षा राग मोठा होता.

मेहरुन पेटी उघडून बसली होती. केडगावच्या विठाबाईचा फोन आला होता. नातीचं, नीलमचं लग्न होतं आणि हिरवा चुडा मेहरुनच्याच हातचा पाहिजे होता. विठाबाईच्या लेकींचे, सुनांचे, सगळ्यांचे चुडे मेहरुनने भरले होते, आणि खुद्द विठाबाईचा मेहरुनच्या आईने. त्या चुड्यासाठी ती बांगड्या वेगळ्या काढत होती. चष्मा डोळ्यांवर होता, अख्खा, धड.

तिने एक डझन हिरव्या काढल्या. मग दुसऱ्या दांडीवरून एक डझन काढल्या, दारातल्या उजेडाकडे धरल्या, नाकाजवळ आणल्या, पुन्हा लांब धरल्या आणि हिरव्यांशेजारी ठेवून दोन्ही एकाच दोऱ्यात ओवल्या. दुसरा डझन निळा होता. गडद, शाईसारखा निळा.

सबीनाला आधी कळलंच नाही आपण काय पाहतोय. मग कळलं, आणि तिने पडद्याची कड मुठीत धरली.

तेवढ्यात बाहेरून शेवंताबाईची हाक आली, "चाची, हाय का?" ही शेजारच्या गल्लीतली, जिभेने तिखट. मेहरुनने झटकन चष्मा काढला. केसांतला आकडा ओढला, त्याचं टोक स्क्रूच्या खाचेत घातलं, डोळ्याने न बघता, अंगठ्याच्या अंदाजाने. चार वेढे. स्क्रू तळहातावर आला, तिथून पदराच्या टोकाला, आणि पदराला गाठ बसली. शेवंताबाई आत आली तेव्हा काडी मांडीवर पडलेली होती.

"ये गं बाई. ह्यो बघ, परत मोडला माझा चष्मा. तुझा तूच काढ रंग, मला काय सुदरत न्हाई ह्येच्याबिगर."

"तुमची सून काय करती मग?" शेवंताबाई म्हणाली.

"तिला कंपनीत काय थोडी कामं हायेत व्हय? काढ तू."

पडद्याआड सबीनाचा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या जागी जे आलं त्याला तिच्याकडे नाव नव्हतं. चष्मा मोडका असला की चूक स्क्रूची. चष्मा धड असला की चूक डोळ्यांची. दुकानात नेला तर दुकानदार डोळे तपासणार. म्हणून तो घरातच मोडायचा, घरातच सुनेकडून नीट करून घ्यायचा आणि पुन्हा मोडायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि ती मूठ झाकायला इतके दिवस आपला स्क्रू लागत होता.

शेवंताबाई गेल्यावर सबीना समोरून आत आली, बाजारातून आल्यासारखी. दुपारी सासूचा डोळा लागला तेव्हा तिने पेटीतल्या त्या दोऱ्यातून निळा डझन काढून घेतला आणि हिरवा घातला.

पण एवढ्याने भागणार नव्हतं. केडगावला चुडा भरताना सबीना सोबत नसणार. काचेची बांगडी आहे. नवरीच्या हातात वाढली तर विठाबाईच्या घरचे तो अपशकुन धरतील. काच मनगटात शिरली तर त्याहून वाईट. आणि दहा बायांसमोर निळी बांगडी हिरव्यात घुसली, तर मेहरुनचाचीला दिसत नाही ही गोष्ट दौंडपासून शिरूरपर्यंत दोन दिवसांत पोचणार. सोहेबला सांगावं, तर तो वाईट नव्हता, पण धसमुसळा होता. "बास झालं आता, बस घरात," म्हणून उद्याच पेटी कपाटावर टाकेल. सासूला विचारावं, तर ती कबूल करणार नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावायचं कुणाला?

मार्ग मेहरुननेच काढला. चुड्याच्या आदल्या दिवशी ती भाकरीचं पीठ मळता मळता, सुनेकडे न बघता म्हणाली, "तू येतीस का उद्या? पेटी जड लागती आता."

मागे ओढलेल्या पेटीचा उल्लेख या घरात पहिल्यांदाच होत होता. सबीनाने रजा टाकली. मनात मात्र वेगळंच ठरवलं होतं. केडगावला पोचलं की विठाबाईला बाजूला घ्यायचं आणि खरं सांगायचं. म्हाताऱ्या बाईला कळेल. मेहरुनने नुसता हात लावावा आणि बाकी कुणीतरी भरावा. मेहरुन दुखावेल, पण नवरीचा हात तरी वाचेल.

न्हावऱ्यावरून एसटीने दोघी चौफुल्याला उतरल्या. चष्मा अख्खा होता. सबीनाने सकाळीच आवळलेला, रेघ मारलेला. चौफुल्याच्या हॉटेलच्या नळावर मेहरुन तोंड धुवायला गेली आणि परत आली तेव्हा काडी तिच्या हातात होती.

"पडला गं."

"व्हय," सबीना म्हणाली, आणि पेटी डोक्यावर घेऊन केडगावच्या जीपमध्ये चढली. तिच्या पर्समध्ये ड्रायव्हर होता, स्क्रूंची पुडी होती. दोन मिनिटांचं काम होतं. दोघींनाही ते माहीत होतं आणि दोघीही खिडकीबाहेरचा ऊस बघत राहिल्या.

विठाबाईचं घर रेल्वेलाईनच्या पलीकडे, वस्तीवर. दारात मांडव, अंगणात बायाच बाया. विठाबाई काठी टेकत पुढे आली आणि मेहरुनच्या गळ्यात पडली. "आलीस बाई! मला म्हन्त्यात, तयार चुडा आनलाय पुन्याहून. डब्यातला! डब्यातला चुडा घालायला माझी नात काय बाव्हली हाय?"

नीलमची आई हसली, पण मनापासून नाही. डबा कपाटावर दिसत होता, मखमली, सोनेरी कडांचा. चाचींचं जमलं नाही तर आहेच, असं तिने न बोलता सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

विठाबाईला बाजूला घ्यायला सबीनाला जागाच मिळाली नाही. नीलम पाटावर येऊन बसली. पुण्यात बँकेत काम करणारी पोरगी, पण हात पुढे करताना लहान मुलीसारखी घाबरली होती. मेहरुन समोर बसली, नीलमचा हात तिने दोन्ही हातांत घेतला आणि अंगठ्याच्या मुळाशी हळूहळू दाबू लागली. दाबता दाबता बोलू लागली, "आजीचा हात असाच व्हता बघ, रुंद. माझी आई म्हनायची, विठाला भरताना घाम फुटतो." बाया हसल्या, नीलम हसली, आणि तिची बोटं सैल सुटली.

सबीना बघत राहिली. हे तिला कधी दिसलंच नव्हतं. सासूला आपण बांगड्या विकणारी समजत होतो. ती तर हात उघडणारी होती.

तेवढ्यात विठाबाईचं लक्ष गेलं. "अगं मेहरुन, चष्मा मोडला की तुझा! कसा भरनार मग?"

"मोडलाय जाऊ दे, मावशी. सून रंग दील हातात."

"छे छे, तसं कसं," नीलमची आई पुढे झाली. "विश्वजीत, इकडे ये रे. चाचींचा चष्मा घेऊन जा गाडीवर. स्टेशनजवळ दुकान आहे, पाच मिनिटांत स्क्रू लावून देतील. चष्मा लावून निवांत बघून भरू द्यात त्यांना."

नीलमचा भाऊ उठलासुद्धा.

"दुकान कशापायी?" विठाबाईने काठी आपटली. "ही तिची सून इस्क्रूच्या कंपनीत हाय. मेहरुन फोनवर मला सांगून सांगून वीट आनती, माझ्या सुनंसारखा इस्क्रू अख्ख्या रांजनगावात कुनी बसवत न्हाई म्हनून. काय गं, ह्येवढं यीत न्हाई व्हय तुला?"

फोनवर, सांगून सांगून? तिने सासूकडे पाहिलं. मेहरुनचा एक हात नीलमच्या मनगटावर थांबला होता. मान खाली होती. दुसऱ्या मुठीत पदराची गाठ होती. सगळ्या बाया सबीनाकडे बघत होत्या.

बसवायला दोन मिनिटं. मग चष्मा डोळ्यांवर चढणार, धड, आणि सगळ्यांच्या नजरा त्या डोळ्यांवर. सबीनाने पर्स मांडीखाली सरकवली.

"न्हाई येत बसवता, आजी," ती म्हणाली. "आटे गेल्यात त्येचे. माझ्याच हातनं. जास्त जोर लावला म्या आन् भोक मोठं करून ठिवलं. आता कुठल्याच दुकानात बसनार न्हाई. नवी फ्रेमच लागंल."

ज्या एका चुकीसाठी फळ्यावर नाव लागतं, ती चूक तिने भर अंगणात, विसेक बायांसमोर, स्वतःच्या नावावर लिहून घेतली. कान तापले. मागून कुणीतरी म्हणालं, "मग कंपनीत काय झाडू मारती काय?" आणि हशा पिकला. सबीनाही हसली, खाली बघून. खोटं बोलताना एवढं दुखतं हे तिला माहीत नव्हतं, आणि एवढं हलकं वाटतं हेही.

"जाऊ द्या गं," विठाबाई म्हणाली. "पोरीबाळीकडनं व्हतंय कवातरी. भर मेहरुन तू."

विश्वजीत परत खुर्चीवर बसला. सबीना सासूच्या शेजारी सरकली, गुडघ्याला गुडघा लावून. दोऱ्यातून एकेक बांगडी काढून, उजेडात बघून, ती सासूच्या उजव्या हातात ठेवू लागली. मेहरुन तिचा काठ बोटाने फिरवून बघायची, आणि नीलमच्या बोटांवरून, मुठीवरून, अंगठ्याच्या हाडावरून ती अशी पुढे न्यायची की पोरीला कळायचंही नाही. एक बांगडी तिने मध्येच परत दिली. "ही मोठ्या मापाची हाय." सबीनाने पाहिलं, खरंच होती. "चुकलं, अम्मी," ती म्हणाली. बायांना वाटलं, सून शिकतेय. तेही खोटं नव्हतं.

चुडा भरून झाला. शेवटी मेहरुनने आपल्याकडची एक बांगडी वर घातली, भरणारीच्या आशीर्वादाची. एकही वाढली नाही. नीलमने हात हलवला तसा सगळ्या मांडवाला तो आवाज ऐकू आला. ती वाकून मेहरुनच्या पाया पडली, मग काय वाटलं कोण जाणे, सबीनाच्याही पडली. विठाबाईने डोळे पुसले. कपाटावरचा डबा नीलमच्या आईने स्वतःच उचलून आत नेऊन ठेवला.

परत येताना चौफुल्याला शिरूरची गाडी उशिरा होती. दोघी कट्ट्यावर बसल्या, मध्ये पेटी. ऊन उतरलं होतं. उसाच्या ट्रॉल्या गाणी लावून चालल्या होत्या.

"आटे कुठं गेल्यात?" मेहरुन म्हणाली. "तुझ्या हातनं कवा जायचे बी न्हाईत."

सबीनाने मांडीवरची पर्स जवळ ओढली.

"कवा कळलं तुला?"

"निळ्या बांगड्या हिरव्यात ओवल्या तवा."

मेहरुनने मान हलवली. "मोतीबिंदू आसंल. नुसतं धुकं हाय, आन् दिवसेंदिवस वाढतंय. म्या सांगितलं न्हाई कुनाला. माझ्या आईचा डोळा कापला व्हता, लई वरसं झाली, तवाचं काय खरं नव्हतं. गेला तो गेलाच. केडगावात ती पेटी घिऊन बसायची आन् बाया दुसरीकडं जायच्या. आंधळ्या मनियारनीला हात कोन दील? शेवटी शेवटी ती माझाच हात धरायची, उगाच, भरल्यावानी. रिकाम्या हातानं." ती थांबली. "मला भ्या वाटलं गं, सबीना. डोळं जायचं न्हाई वाटत येवढं. त्या बसन्याचं वाटतं."

"आता तसं ऱ्हायलं न्हाई, अम्मी. माझ्या लाईनवरच्या पोरीच्या आईचं केलं, दुसऱ्या दिशी पट्टी काढली. मी येते संगं. मी रजा काढते."

"आन् तवर दुकान?"

सबीनाने पेटीच्या झाकणावर हात ठेवला. "संध्याकाळी बशीन मी. तुम्ही हात बगा, मी रंग बगते. शिकवा मला."

मेहरुनने पदराचं टोक पुढे ओढलं. गाठ घट्ट बसली होती, ती तिने दातांनी सोडवली. आतला स्क्रू सबीनाच्या तळहातावर ठेवला, मग मोडका चष्मा ठेवला.

"बसव," ती म्हणाली. "पक्का बसव. आता न्हाई काढायची. डाक्टरपुढं मोडक्या चष्म्यानं कसं जाऊ? म्हनंल, सून काय करती हिची."

सबीनाने पर्समधून ड्रायव्हर काढला. रुमाल पसरला. सुईने भोकं एका ओळीत आणली आणि स्क्रू वर टेकवला. तो कलला. पुन्हा टेकवला, पुन्हा निसटला, रुमालावर पडला आणि तिला सापडेना. जिचा हात बघायला नव्या पोरी शेजारी उभ्या करायचे, तिला डोळ्यांतल्या पाण्यापुढे स्क्रू दिसेना, भोक दिसेना, चष्माही दिसेना.

मेहरुनने हात पुढे केला, रुमालावरून बोटं फिरवली, स्क्रू चिमटीत उचलला आणि सुनेच्या बोटांत दिला.

"का गं," ती म्हणाली, "तुलाबी दिसंना व्हय?"